मैया, कट-ऑफ किती वाजता?

जबलपुरात कमानिया गेटखालून रोज हजारो माणसं जातात आणि त्यांतल्या एकाच्याही गळ्यात कोणी मेडल घालत नाही. घालायला हरकत नव्हती. दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळी सातच्या सुमारास बडा फुहाऱ्याकडून निघायचं. हातगाड्या, ई-रिक्षा, साड्यांची गाठोडी आणि रस्त्याच्या मधोमध ध्यानस्थ उभा असलेला एक सांड, एवढं सगळं पार करायचं. आणि दोन्ही पायांत चपला शिल्लक असताना गेटच्या पलीकडे निघायचं. हे ज्याला जमलं त्याला कुठल्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खुशाल उतरवावं.

हे गेट 1939 सालच्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभं राहिलं. म्हणजे शर्यतीशी त्याचं नातं जन्मापासूनचं. जानेवारीत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंनी पट्टाभी सीतारामय्यांना 1580 विरुद्ध 1377 मतांनी मागे टाकलं. मार्चमध्ये अधिवेशनाला आले तेव्हा अंगात इतका ताप, की त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं. अधिवेशन 52वं, म्हणून मिरवणुकीत 52 हत्ती. आणि अध्यक्ष आजारी, म्हणून त्यांच्याऐवजी त्यांचं छायाचित्र. एप्रिल संपता संपता त्यांनी राजीनामा दिला. जिंकलेल्या माणसालाच मैदान सोडावं लागलं अशा अधिवेशनाची ही कमान. तिच्याखालून जाताना जबलपूरकर कुणाचं अभिनंदन करत नाहीत, त्याचं कारण कदाचित हेच असेल.

माझ्या भाच्याला मात्र ती बघताच भरून आलं. “मामा, काय फिनिश आर्च आहे!” तो म्हणाला.

भाचा पुण्याचा. दिवसभर खुर्चीत बसण्याचा त्याला पगार मिळतो आणि तो सगळा पगार तो न बसण्यावर खर्च करतो. मॅरेथॉन, म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर, ही त्याच्या लेखी आता जेवणाआधीची शतपावली. त्याच्या पुढे जे काही असेल ते अल्ट्रा, आणि भाचा अल्ट्रावाला. त्याच्या सामानात तीन जोड्या बूट, पायाला फोड येऊ नयेत म्हणून एक मलम, आलेच तर म्हणून दुसरं मलम आणि टूथपेस्टच्या पाकिटासारख्या पुड्यांतून खायचं कसलं तरी जेल होतं. माझ्या बहिणीने बरोबर चिवडा दिला होता. तो त्याने मला दिला.

एका पहाटे हा भेडाघाटाहून धावत निघाला आणि बाजार उघडायच्या वेळेला कमानिया गेटपाशी पोचला. अंगाला चिकटलेले कपडे, पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडात. आमचा बाजार सगळं बघून चुकलेला आहे, पण सकाळी सकाळी एक सुशिक्षित मुलगा स्वतःच्या मर्जीने पळतोय हे दृश्य त्यालाही नवं होतं. “काय बड्डे, गाडी पंक्चर हो गई का?” एकाने विचारलं. दुसऱ्याने जास्त विचार केला आणि मागे कोण लागलंय ते वाकून पाहिलं.

गंमत पुढे झाली. भाचा गेटपाशी आला, घड्याळ बघितलं, आणि थांबायच्या ऐवजी गेटच्या आसपास गोल गोल धावायला लागला. आकडा पूर्ण भरत नव्हता म्हणे. धावणाऱ्यांच्या जगात अपूर्णांकावर थांबणं अशुभ असतं. घड्याळाला पूर्णांक दिसला तरच ते अंतर पार पडलं, नाहीतर ती मेहनत वाया. हे बाजाराला कोण समजावणार? चारपाच माणसं जमली. शेवटी पानवाल्याने “मन्नत होगी” असा निर्वाळा दिला आणि सगळे समाधानाने पांगले.

मी त्याला खव्याची जलेबी खायला घातली. जबलपूरला येऊन ती न खाणं हा आमच्याकडे सामाजिक गुन्हा आहे. खवा आणि तिखूर मळून तुपात तळलेली, जाडजूड, काळपट तपकिरी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं करपली. भाच्याने तिच्यात कार्बोहायड्रेट किती असं विचारलं. हलवायाने झारा थांबवला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “भैया, खा लो. हिसाब हम लगा लेंगे.” तिसऱ्या जलेबीनंतर भाचा खुलला आणि त्याने मला जगभरातल्या शर्यती सांगायला सुरुवात केली.

अमेरिकेत डेथ व्हॅली नावाच्या खोऱ्यात ऐन जुलैत 217 किलोमीटर धावतात. बॅडवॉटर म्हणतात तिला. तापमान पन्नाशीला टेकतं आणि डांबर एवढं तापतं, की बुटांचे तळ वाचवायला लोक रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून धावतात. आमच्याकडे ऐन उन्हाळ्यातल्या नवतप्यात माणसं खिशात कांदा ठेवून घरात बसतात, हा उपाय त्यांना कोणी सांगितलेला दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेत 1921 पासून कॉम्रेड्स नावाची सुमारे 90 किलोमीटरची शर्यत चालते. तिला 12 तासांची मुदत. बरोबर बाराव्या तासाला एक माणूस येणाऱ्या धावकांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. बार झाला की दार बंद. तुम्ही दोन पावलांवर असा नाहीतर दोन किलोमीटरवर. पाठ का करायची, तर समोरून धडपडत येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसू नये, दया येऊ नये. सरकारी कचेरीत खिडकी बंद करणाऱ्या आपल्या बाबूला हे तंत्र जन्मतः अवगत असतं; त्याला बंदूकही लागत नाही.

टेनेसीतल्या डोंगरात बार्कली नावाची एक शर्यत आहे. तिच्या जन्माची कथा अशी, की मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी 1977 साली तिथल्या तुरुंगातून पळाला आणि दोन दिवसांहून जास्त रानात हिंडूनही जेमतेम काही मैल गेला. ते ऐकून गॅरी कँट्रेल नावाच्या गृहस्थांना वाटलं, एवढ्या वेळात आपण शंभर मैल गेलो असतो. असं वाटणारी माणसं प्रत्येक कट्ट्यावर असतात. यांनी मात्र 1986 पासून त्याची शर्यतच केली. प्रवेश फी एक डॉलर साठ सेंट आणि पहिल्यांदा येणाऱ्याने आपल्या गावच्या गाडीची नंबरप्लेट आणायची. सुरू व्हायची वेळ कुणालाच माहीत नसते. मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत केव्हाही शंख वाजतो, त्यानंतर एका तासाने कँट्रेल सिगारेट शिलगावतात, आणि ती पेटली की पळायचं. रानात जागोजागी पुस्तकं लपवलेली असतात; आपल्या नंबरचं पान फाडून आणायचं. पाच फेरे, 60 तास. बहुतेक वर्षी कुणीच पुरी करत नाही. 2024 साली जास्मिन पॅरिस ही पहिली बाई ती पुरी करती झाली तेव्हा मुदत संपायला 99 सेकंद उरले होते. जो मधेच सोडतो त्याच्यासाठी बिगुलावर लष्करी अंत्ययात्रेची धून वाजवतात.

“म्हणजे शंख फुंकून पाठवतात आणि मेल्यावर वाजंत्री लावतात,” मी म्हटलं. “यात परदेशी काय आहे?”

भाच्याला ते आवडलं नाही. पण जसजसा तो सांगत गेला तसतसा मला संशय यायला लागला, की जगातले सगळे अल्ट्रावाले आपल्या आजीच्या तालमीत तयार झालेले आहेत. ग्रीसमध्ये अथेन्सपासून स्पार्टापर्यंत 246 किलोमीटर धावतात, 36 तासांत. शेवटी काय असतं? फीत नाही. लिओनिडास राजाच्या पुतळ्याच्या पायाला हात लावायचा, मग मुली येऊन नदीचं पाणी देतात. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात एका शाळेच्या इमारतीभोवती 883 मीटरचा चौकोन आहे. त्याला 5649 फेऱ्या मारायच्या; अंतर होतं 3100 मैल, म्हणजे जवळजवळ 5000 किलोमीटर, आणि मुदत 52 दिवस. ही शर्यत 1997 पासून चालते आणि सुरू केली ती श्री चिन्मय या बंगाली साधकाने. बंगाली माणसाने अमेरिकेत जाऊन गोऱ्यांना एका शाळेभोवती प्रदक्षिणा घालायला लावल्या आणि त्यांनी त्या घातल्या, हे मला कुठल्याही विश्वविक्रमाहून मोठं वाटतं. फक्त कंटाळा येऊ नये म्हणून रोज दिशा उलटी करतात. हे आजीला चाललं नसतं.

तिला युरोपातली मोठी डोंगरशर्यतही चालली नसती. मॉन्ट ब्लांक पर्वताभोवती फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असा सुमारे 170 किलोमीटरचा फेरा. 2003 पासून हजारो माणसं घालतात. मी नकाशावर बोट फिरवून पाहिलं, तर डोंगर आख्खा वेळ डाव्या हाताला! एवढी मेहनत करून उलटी प्रदक्षिणा. मग गुडघे दुखतात, त्यात नवल काय?

आता मूळ मुद्द्यावर येतो. आम्ही जबलपूरकर अशा गोष्टींनी फार हलत नाही, कारण आमच्या गावाखालून नर्मदा वाहते आणि तिच्या काठाने जी माणसं जातात ती भाच्याच्या शर्यतीच्या यादीत नाहीत. नदी 1312 किलोमीटर लांब. अमरकंटकला उगम, भडोचजवळ समुद्र. तिची परिक्रमा म्हणजे एका काठाने समुद्रापर्यंत जायचं, दुसऱ्या काठाने परत यायचं, नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. सगळं मिळून 2600 किलोमीटरच्या वर. परंपरेप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. चातुर्मासात चालायचं नाही, जिथे असाल तिथे मुक्काम. नदी ओलांडायची सोय एकाच ठिकाणी: मुखापाशी, समुद्रातून, नावेने.

भाच्याने वही काढली. “फी?” नाही. “नोंदणी?” नाही, फार तर एक वही, तिच्यात मुक्कामाच्या ठिकाणचे शिक्के. “आयोजक?” मी नदीच्या दिशेला बोट केलं. “कट-ऑफ?” इथे मला जरा थांबावं लागलं. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस ही मुदत नसून लवकर न आटपण्याची अट आहे, हे अल्ट्रावाल्याला सांगणं सोपं नाही. साऱ्या जगात उशीर झाला तर बाद करतात. इथे घाई केली तर लोक मनातल्या मनात दोन गुण कापतात.

विभाग मात्र भरपूर आहेत. साधी परिक्रमा आहे. जलहरी आहे, तिच्यात समुद्रातूनही ओलांडायचं नाही, म्हणजे अंतर सरळ दुप्पट. आणि दंडवत परिक्रमा आहे: लोटांगण घालायचं, हात पोचला तिथे खूण करायची, उठायचं, खुणेवर उभं राहून पुन्हा लोटांगण. भाच्याने घड्याळाकडे बघितलं. त्यात या प्रकारासाठी पर्याय नव्हता. सर्वांत वरचा विभाग मार्कंडेय ऋषींचा. त्यांनी उपनद्यासुद्धा ओलांडल्या नाहीत, प्रत्येकीच्या उगमाला वळसा घालून आले, अशी कथा आहे. त्यांचा विक्रम मोडायला अजून कुणी अर्ज केल्याचं ऐकिवात नाही.

सामानाचा नियम तर अफलातून. त्या मॉन्ट ब्लांकवाल्या शर्यतीत सक्तीच्या सामानाची यादी असते: पावसाळी जॅकेट, डोक्यावरचा दिवा, शिट्टी, वगैरे. मधेच तपासणी होते आणि काही कमी निघालं तर दंड. नर्मदेवर शूलपाणीच्या झाडीत पूर्वी अशीच तपासणी व्हायची, फक्त उलटी: जास्त निघालं तर काढून घ्यायचे. भिल्ल मंडळी वाटेत भेटत, घोंगडी, भांडी, पैसे, कपडे सगळं उतरवून घेत आणि माणसाला लंगोटीवर पुढे पाठवत. त्यांना म्हणायचं मामा. लुटून घेणं हाही परिक्रमेचा भाग, त्यात तक्रार नाही. पुढच्या गावचे लोक उघड्या माणसाला बघितलं की काय झालं ते ओळखत आणि कपडे देत. सरदार सरोवराच्या पाण्याने त्या झाडीतली जुनी वाट बुडवली आणि मामांची तपासणीही तिच्याबरोबर गेली. आता उरलेले मामा माझ्यासारखे. यांना भाचे लुटतात.

मराठी माणसाला या नदीचं वेड जरा जास्तच आहे. टेंब्ये स्वामींनी 1914 साली गरुडेश्वरला, नर्मदेकाठी देह ठेवला, तेव्हापासून दत्तसंप्रदायाची पावलं इकडे वळत आली आहेत. गोनीदांनी तरुणपणी परिक्रमा केली आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली. मग जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’ आलं आणि पुण्यातल्या सोसायट्यांत निवृत्तीनंतरच्या योजनांची दिशाच बदलली. आज ओंकारेश्वरच्या घाटावर उभं राहिलं तर मागून “अहो, ती बाटली उजव्या खिशात ठेवा” हे शुद्ध मराठी कानावर पडायला फार वेळ लागत नाही. ज्यांचे गुडघे ऐकत नाहीत ते बसने करतात, पंधरावीस दिवसांत, बरोबर आचारी आणि साबुदाण्याची खिचडी. त्यांना हसू नये. पहाटे चाळीस माणसं आणि एक गिझर ही कसोटी बार्कलीवाल्यांनीही अजून आणलेली नाही.

आमच्या जबलपूरचे अमृतलाल वेगड यांनी तर ही परिक्रमा हप्त्याहप्त्याने केली. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांचे विद्यार्थी, इथे कलेचे शिक्षक. 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सुरुवात केली. सुट्टी लागली की निघायचे, सुट्टी संपली की परत यायचे. पुढच्या सुट्टीत मागच्या मुक्कामापासून पुढे. वाटेत चित्रं काढायची, घरी येऊन लिहायचं. 2018 साली ते गेले तोवर नर्मदा म्हटलं की वेगड हे समीकरण झालं होतं.

“पण तुकड्या-तुकड्यात केलेलं धरतात का?” भाच्याने विचारलं.

“कोण धरतात?”

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला ग्वारीघाटावर नेलं. तो नदीला नमस्कार करून आल्यावर पायऱ्यांवर पाय ताणून मांड्यांचे व्यायाम करू लागला. शेजारी एक म्हातारी बसली होती. नाकात चमकी, पांढरी साडी, पायांत काही नाही, टाचांच्या भेगांत रुपया राहील. जवळ एक बोचकं, त्यात पाण्याची छोटी बाटली. अमरकंटकहून आली होती. भाचा तिच्या पायांकडे असा बघत राहिला जसा मी दागिन्याच्या दुकानात किमतीच्या चिठ्ठीकडे बघतो. तेवढ्यात घाटावरचा एक जण चहाची किटली घेऊन आला आणि त्याने पहिला कप भाच्याच्या हातात ठेवला. “लो बाबाजी. नर्मदे हर!” चिकटलेले कपडे, पाठीला पिशवी, चेहऱ्यावर क्लेश, परिक्रमावासी समजायला त्याला एवढं पुरलं. भाच्याने पैसे देऊ केले. त्या माणसाने हात मागे घेतला आणि म्हातारीला म्हणाला, “माताराम, नए हैं.” म्हातारीने मान हलवली आणि बोचक्यातून अर्धं टिक्कड, म्हणजे जाड रोटी, काढून त्याच्यापुढे धरलं.

सहनशक्तीचे विक्रम मोजणारे इथेच चुकीच्या माणसाला मोजतात असं मला वाटतं. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी 2015 साली अमेरिका सायकलवर आडवी पार करायची शर्यत पुरी केली, नागपूरच्या डॉक्टर अमित समर्थांनी 2017 साली तीच शर्यत एकट्याने पुरी केली. 4800 किलोमीटर, झोप नावापुरती. त्यांना माझा सलाम. पण त्यांच्याही मागे गाडीत जागी बसलेली, भाताचा डबा खिडकीतून देणारी मंडळी होती, आणि त्यांची नावं तुम्हाला आठवत नाहीत. नर्मदेवर तर हे सगळं खातं दोन्ही काठांच्या गावांकडे आहे. रात्री नऊ वाजता दारात कुणी “नर्मदे हर” म्हटलं की विझत आलेली चूल फुंकायची. कणीक, डाळ, मीठ, मिरची काढून द्यायची, त्याला सदावर्त म्हणतात; दमलेला असेल तर टिक्कड भाजून द्यायचे; “आसन लगा लो” म्हणून ओसरी दाखवायची. आज पाच आले, उद्या वीस, परवा एक, तोही आजारी. चालणारा एकदा चालतो आणि पुस्तक लिहितो. चूल फुंकणारी बाई दर वर्षी कार्तिकापासून आषाढापर्यंत, सासूनंतर स्वतः, स्वतःनंतर सून, अशी पिढ्यान्‌पिढ्या तेच करते. तिला बिब नंबर नाही, कट-ऑफ नाही, आणि मधे सोडलं तर बिगूल वाजवायलाही कोणी नाही. म्हणून असेल, ती सोडत नाही.

भाचा पुण्याला परतला. ट्रेनमधून फोन केला तो एवढंच विचारायला, की टिक्कडाच्या पिठात नेमकं काय असतं. त्याच्या जेलपेक्षा ते जास्त वेळ टिकलं म्हणे.

तेव्हा वाचकहो, देवउठनी एकादशी झाली की परिक्रमेचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत जबलपूरला आलात तर कमानिया गेटपाशी जलेबी जरूर खा, भेडाघाटचे संगमरवरी कडे बघा. ग्वारीघाटावर जाताना मात्र दोन किलो कणीक, पावशेर चहापत्ती आणि मिठाची एक पिशवी घेऊन जा आणि कुठल्याही अन्नक्षेत्रात ठेवा. आणि तिथे बसलेल्या माताराम दिसल्या तर कृपा करून त्यांना “रोज सरासरी किती किलोमीटर होतात?” असं विचारू नका.